रोपवेतून काय पडलं होतं

चियातुरात तारेच्या पाळण्यातून उतरलात की डाव्या हाताला,
बुटांचं दुकान आणि दातांचा डॉक्टर यांच्या मध्ये
माझी खोली. मावतात दोन माणसं आणि एक हीटर.
फुटलेले स्क्रीन काचेत मांडलेत, तीच पाटी.

लमारा आजी पहिल्यांदा आल्या त्या फोन रुमालात बांधून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"ऐकत नाही हा."
मी बंद केला, वीस आकडे मोजले, चालू केला.
ऐकू लागला.
पैसे घेतले नाहीत. निम्मी दुरुस्ती एवढीच असते,
हे गुपित मी फक्त म्हाताऱ्यांना सांगते.

मग दर गुरुवारी येऊ लागल्या, खिशात अक्रोड घेऊन.
अक्षरं मोठी करा आधी, मी म्हटलं, ही पट्टी ओढा उजवीकडे.
लाज कसली? चष्मा लावताना वाटते?
चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका,
त्यालाही उकडतं.
जागा संपली म्हणाला तर मुलीचे फोटो नका पुसू,
शेजारणीचे शुभ सकाळचे गुलाब पुसा.
चारशे बारा निघाले.
"बिचारीनं मनापासून पाठवले," म्हणत
आजींनी दोन ठेवून घेतले.

पिन म्हणून जन्मसाल नको.
"मग ह्यांचं?"
तेही नको.
"खाणीत ह्यांच्या दिव्यावर एक नंबर होता, सात..."
मला सांगू नका!
मी दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडले,
दातांचा डॉक्टर धावत आला.

आणि मेसेजमध्ये येतो तो कोड म्हणजे घराची किल्ली.
बँकेचा साहेब मागो नाहीतर स्वर्गातला देवदूत,
ताकास तूर लागू द्यायची नाही.
"आणि मुलगीच मागत असेल तर?"
मखवाला सालेर्नोत असते,
दुसऱ्यांच्या आईला अंघोळ घालते, अकरा वर्षं झाली.
मी म्हटलं, आवाजाचीही नक्कल होते हल्ली.
एक प्रश्न ठरवा दोघींनी, उत्तर कागदावर नको,
कुत्र्याचं नाव नको, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक.

डिसेंबरात आजी आल्या, गुरुवार नसताना, पाय थरथरत.
परक्या नंबरवरून फोन आला होता :
"आई, माझी पर्स गेली, फोन गेला, पैसे पाठव."
आजींनी कट केला.
पुन्हा आला. पुन्हा कट.
"शाबास म्हण ना," त्या म्हणाल्या,
पण तोंड शाबासकी घ्यायला आलेल्या माणसाचं नव्हतं.

फोन तिसऱ्यांदा वाजला, माझ्या टेबलावर.
प्रश्न विचारा, मी कुजबुजले.
"रोपवेतून काय पडलं होतं?"
पलीकडे बस गेल्याचा आवाज. कुणी इटालियन बोललं.
"आई, आत्ता हे काय? मी रस्त्यावर उभी आहे."
"काय पडलं होतं?"
"...चीज. अख्खा गोळा. मी सातवीत होते."
आजींचा अंगठा लाल बटणावर तसाच.
"आणि?"
हीटर तेवढा गुणगुणत राहिला.
"आणि बाबांची टोपी. ते वाकून बघायला गेले म्हणून."

आजी खुर्चीत बसल्या त्या पडल्यासारख्या.
"दोनदा कट केला गं तुला," म्हणाल्या,
"दोनदा, थंडीत."
पलीकडून हसू आलं की रडू,
स्पीकर जुना आहे, मला कळलं नाही.

पैसे मी पाठवून दिले, नाव तीनदा वाचून.
त्या घरी गेल्या आणि म्हणे मुलीचा नवा नंबर
कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिला, शाईनं.
फोन मेला तरी दार राहतं.
हे मी शिकवलं नव्हतं.

रात्री शटर ओढलं आणि भावाला फोन लावला, पोलंडला.
विचारलं, आपला प्रश्न कुठला ठेवायचा?
असं काय आहे जे फक्त तुला आणि मलाच ठाऊक?
तो बराच वेळ गप्प.
"आठवून सांगतो," म्हणाला.
आज रविवार.
अजून आठवतोय.